परत जायचंय म्हणूनच नागरिकत्व आधी: पीआर, पासपोर्ट आणि ओसीआय यांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघे भारतीय नागरिक, जर्मनीत नऊ वर्षं झाली, दोघांकडे कायम वास्तव्याचा परवाना (पीआर), म्हणजे तिथली ‘निडरलासुंग’ आहे. मुलगी सहा वर्षांची, तिथेच जन्मलेली, पण भारतीय पासपोर्टवर. आई-वडील थकले आहेत, गावाकडे वडिलोपार्जित शेती आहे आणि चार-पाच वर्षांत भारतात परतायचा विचार आहे. ‘परतच जायचं तर परदेशी पासपोर्ट कशाला? पीआर आहे तेवढी पुरे,’ असं दोघांना वाटतं. ते बरोबर आहे का?

माझं स्पष्ट मत: बहुतेकांच्या बाबतीत हे नेमकं उलट आहे. जो कायम तिथेच राहणार आहे त्याचं पीआरवर आयुष्यभर भागू शकतं. ज्याला परतायचं आहे त्याची पीआर मात्र परतल्यावर काही महिन्यांत किंवा फार तर काही वर्षांत संपते. पीआर ही त्या देशात राहण्याची परवानगी आहे. तिथे राहणं थांबलं की परवानगीचा आधारच जातो. नागरिकत्वाला हजेरी लागत नाही. भारतात दहा वर्षं राहून, आई-वडिलांचं करून, मुलीच्या कॉलेजसाठी पुन्हा जर्मनीत जायची वेळ आली, तर जर्मन पासपोर्टवर तुम्ही सरळ आत जाल. पीआर गेलेली असेल तर व्हिसापासून पुन्हा सुरुवात, आणि तीही पन्नाशीत.

आधी जर्मनीचे नियम पाहू. निडरलासुंगच्या कार्डावर पुढची तारीख छापलेली असते. ती कार्डाची मुदत, परवान्याची नव्हे. लोक ती तारीख बघून निर्धास्त होतात. कायद्यानुसार तुम्ही देशाबाहेर गेलात आणि सहा महिन्यांत परत आला नाहीत, तर परवाना आपोआप रद्द होतो. पत्र येत नाही, सुनावणी होत नाही. त्याहून दुर्लक्षित नियम असा की बाहेर जाण्याचं कारणच तात्पुरतं नसेल, तर सहा महिने थांबावंही लागत नाही, निघाल्या दिवशीच परवाना जातो. घर सोडलं, पालिकेच्या रहिवासी नोंदणीतून नाव काढून टाकलं, नोकरीचा राजीनामा दिला, मुलीचा शाळेचा दाखला काढला, तर हे सगळे कागद ‘कायमचे निघाले’ असंच सांगतात. मग पाचव्या महिन्यात विमानतळावर उतरून उपयोग नाही. जाण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयाकडून जास्त मुदत लेखी घेता येते, पण त्यासाठी ठरावीक काळात परतण्याचं पटेल असं कारण लागतं. पंधरा वर्षं कायदेशीर वास्तव्य आणि उपजीविकेची खात्री असेल तर सहा महिन्यांच्या अटीतून सूट मिळते. तुमची नऊच झाली आहेत.

मधला एक मार्ग आहे: युरोपीय संघाचा दीर्घकालीन वास्तव्य परवाना. पाच वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर तो मिळतो. निडरलासुंग असतानाही त्याचा अर्ज करता येतो. तो संघाच्या बाहेर सलग बारा महिने राहिल्यावर जातो. ब्लू कार्डवरून (उच्चशिक्षित नोकरदारांच्या युरोपीय परवान्यावरून) तो मिळवलेल्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला चोवीस महिन्यांची मुभा असते. परतीचा प्रयोग वर्षभरात, ब्लू कार्डवाल्यांचा दोन वर्षांत, आटोपेल असं वाटत असेल तर हा परवाना उपयोगी आहे. त्यापलीकडे नाही.

इतर देशांतही तत्त्व तेच, आकडे वेगळे. कॅनडात पीआर टिकवायला दर पाच वर्षांत ७३० दिवस प्रत्यक्ष हजेरी लागते आणि नागरिकत्वासाठी अर्जाआधीच्या पाच वर्षांत १०९५ दिवस. पीआर मिळण्याआधीचे कायदेशीर दिवस अर्धे धरले जातात, तेही जास्तीत जास्त ३६५ पर्यंत. ऑस्ट्रेलियात पीआरवर प्रवासाची मुभा पहिली पाच वर्षं, पुढे परतीचा व्हिसा वेगळा घ्यावा लागतो. नागरिकत्वाला चार वर्षांचं कायदेशीर वास्तव्य, त्यात शेवटचं वर्ष पीआरवर, चार वर्षांत एकूण बारा महिन्यांहून आणि शेवटच्या वर्षात ९० दिवसांहून जास्त गैरहजेरी नाही. ब्रिटनमध्ये कायम वास्तव्य दोन वर्षं सलग बाहेर राहिल्यावर संपतं. तिथे नागरिकत्वाच्या अर्जात एक बारीक अट अनेकांना आडवी येते: अर्ज पोहोचण्याच्या बरोबर पाच वर्षं आधीच्या दिवशी तुम्ही प्रत्यक्ष ब्रिटनमध्ये असायला हवं. तो दिवस दिवाळीच्या सुट्टीत भारतात गेला असेल तर अर्जाची तारीखच पुढे सरकवायची. मे २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने कायम वास्तव्याची पाच वर्षांची अट दहावर नेण्याचा प्रस्ताव मांडला. असे बदल पाहता, पात्र झाल्यावर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणं महाग पडतं. जर्मनीतच जून २०२४ पासून आठऐवजी पाच वर्षांत नागरिकत्व मिळू लागलं आणि त्याच कायद्यातली तीन वर्षांची जलद वाट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदही झाली. नियम सैल होतात तसे आवळतातही.

अमेरिकेचं प्रकरण निराळं, कारण तिथे नागरिकत्वाला कराचं शेपूट आहे. ग्रीन कार्डवर सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर नागरिकत्वासाठी लागणारं सलग वास्तव्य तुटल्याचं गृहीत धरलं जातं आणि ते तसं नाही हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. एक वर्ष बाहेर राहिलात तर ते तुटतंच. जाण्याआधी पुनर्प्रवेश परवाना घेतला तर दोन वर्षांपर्यंत ग्रीन कार्ड वाचतं, पण नागरिकत्वाचे मोजलेले दिवस वाचत नाहीत. हा फरक न कळल्याने माणसं परत येतात ती शून्यावर. साधारण अट पाच वर्षं ग्रीन कार्ड आणि त्यात तीस महिने प्रत्यक्ष हजेरी. अमेरिकी नागरिक मात्र जगात कुठेही राहिला तरी दरवर्षी तिथे विवरणपत्र भरतो. भारतातले म्युच्युअल फंड त्या कायद्यात किचकट आणि जाचक कराच्या वर्गात बसतात. भारतात कायमचं स्थिरावून इथेच गुंतवणूक करायची असेल, तर अमेरिकेपुरता माझा सल्ला सरसकट ‘घ्या’ असा नाही. कर सल्लागाराबरोबर आकडे मांडूनच ठरवा. ग्रीन कार्ड सोडतानाही, शेवटच्या पंधरा वर्षांपैकी आठ वर्षांत ते तुमच्याकडे असेल, तर देश सोडतानाच्या कराचे नियम तपासावे लागतात.

आखाती देशांत हा प्रश्नच उभा राहत नाही. तिथे नागरिकत्व जवळपास कुणाला मिळत नाही. संयुक्त अरब अमिरातीत साधा निवासी व्हिसा सहा महिने बाहेर राहिल्यावर जातो आणि दहा वर्षांच्या गोल्डन व्हिसाला ती अट नाही, एवढाच तिथला निर्णय.

आता भारताची बाजू. जर्मनी २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला हरकत घेत नाही, हे वाचून पुष्कळांचा गैरसमज होतो. हरकत भारताची आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व त्या क्षणी आपोआप संपतं. अर्ज करावा लागत नाही, कुणाची मंजुरी लागत नाही. जर्मनीत तो क्षण म्हणजे नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हातात पडतं तो. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर केलेला एकही प्रवास बेकायदा ठरतो, मग त्यावर २०३२ पर्यंतची मुदत का असेना. ‘एकदाच जाऊन येतो, मग पासपोर्ट सरेंडर (सरकारकडे जमा) करतो’ हे अजिबात करू नका. सरेंडरच्या अर्जात नागरिकत्वाची तारीख आणि पासपोर्टवरचे शिक्के शेजारी शेजारी येतात आणि दंड लागतो.

ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, हे नागरिकत्व नाही. नावात ‘सिटिझन’ आहे म्हणून तसं वाटतं इतकंच. तो आयुष्यभराचा, कितीही वेळा ये-जा करता येणारा व्हिसा आहे. त्यावर भारतात कितीही वर्षं राहता येतं, खाजगी नोकरी-व्यवसाय करता येतो, घर घेता येतं, परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागत नाही. मात्र भारतात राहायला लागल्यावर कायमचा पत्ता किंवा व्यवसाय बदलला की परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ईमेलने कळवायचं असतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. मतदान, निवडणूक लढवणं, सरकारी नोकरी हे जातं. संशोधन, पत्रकारिता, धर्मप्रसार, गिर्यारोहण आणि संरक्षित प्रदेशात जाणं यासाठी मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार वेगळी परवानगी लागते. तुमच्यापैकी कुणी संशोधक असेल आणि भारतातल्या संस्थेत काम करायचं असेल, तर ही ओळ दोनदा वाचा. आणखी एक: आई-वडील किंवा त्यांच्या मागच्या पिढ्यांपैकी कुणी पाकिस्तान वा बांगलादेशाचे नागरिक असतील तर ओसीआय मिळत नाही. फाळणीत आलेल्या कुटुंबांनी हे परदेशी नागरिकत्व घेण्याआधी तपासावं, नंतर नव्हे.

शेतीबद्दल सगळ्यात जास्त भीती असते आणि ती बरीचशी चुकीची असते. वारशाने येणारी शेतजमीन ओसीआयधारकाला मिळते, ती त्याच्या नावावर राहू शकते. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. नवीन शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळा विकत घेता येत नाही, पण तो तर आज अनिवासी भारतीय म्हणूनही तुम्हाला घेता येत नाही. फरक पडतो तो एका ठिकाणी: परतल्यावर तुम्ही भारतीय नागरिक असाल तर निवासी होता आणि महाराष्ट्रात शेतकरी असल्याचा पुरावा असेल तर शेजारचं वावर विकत घेऊ शकता. ओसीआयधारकाच्या हक्कांत शेतजमीन विकत घेणं बसत नाही. परतून शेती वाढवायची, हेच स्वप्न असेल तर पासपोर्ट सोडू नका. नुसती वडिलांची जमीन राखायची असेल तर काळजी नको. सातबारावर वारस म्हणून तुमचं नाव लागेल तेव्हा ते नव्या पासपोर्टवरच्या नावाशी जुळेल, एवढी व्यवस्था आत्ताच करा.

नावांचा हा विषय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण मराठी कुटुंबांचे अर्ज इथेच अडकतात. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं आणि लग्नानंतर बाईच्या बाबतीत नवऱ्याचं. परदेशी नोंदणीत ‘मधलं नाव’ हा प्रकार नसला की ते दुसरं व्यक्तिनाव ठरतं. मग आईच्या जन्मदाखल्यावर एक नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मध्ये घालून दुसरं, पासपोर्टवर नवऱ्याच्या नाव-आडनावासह तिसरं, आणि मुलीच्या जर्मन जन्मदाखल्यावर चौथंच स्पेलिंग. तिथल्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने या चार बाया आहेत. त्यांना जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि जिथे ते पुरत नाही तिथे महाराष्ट्र शासन राजपत्रातली नावबदलाची नोंद. जर्मनीत नागरिकत्व मिळताना नावाची रचना तिथल्या पद्धतीला जुळवून घेण्याची संधी कायद्याने मिळते. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव गाळता येतं. मोह होतो, पण थांबा. ओसीआयचा अर्ज नव्या पासपोर्टवरच्या नावाने होतो आणि जुन्या भारतीय पासपोर्टपेक्षा नाव वेगळं असेल तर बदलाचा पुरावा मागतात. पॅन, बँक, म्युच्युअल फंड, सातबारा, सगळीकडे तोच पुरावा पुन्हा द्यावा लागतो. मी तरी नाव आहे तसं ठेवा असंच सांगेन.

जन्मदाखला मुळात आहे का आणि त्यावर तुमचं नाव आहे का, हेही बघा. जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाची जागा कोरी असते, फक्त आई-वडिलांची नावं असतात. जन्मनोंदणी कार्यालयात अर्ज देऊन नाव घालून घ्यावं लागतं आणि त्यासाठी भारतातलं माणूस किंवा तुमची एक फेरी लागते. नोंदच नसेल तर ती उपलब्ध नसल्याचं प्रमाणपत्र आणि सोबत शपथपत्रं. दाखला फक्त मराठीत असेल तर भाषांतर अधिकृत शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या, आणि कागदाचं साक्षांकन कोणत्या पद्धतीने हवं हे जर्मनीतल्या तुमच्या पालिकेला आधी लेखी विचारा. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात (एका देशाचा कागद दुसऱ्या देशात मान्य व्हावा म्हणून लावायच्या शिक्क्याच्या करारात) आहे, पण प्रत्येक देश प्रत्येक कागदाला ते पुरेसं मानतोच असं नाही. या सगळ्याला चार-सहा महिने सहज जातात. म्हणून अर्जाची तारीख ठरवायच्या आधी हे काम सुरू करायचं.

जर्मनीतल्या अर्जाला लागतं ते असं: पाच वर्षांचं कायदेशीर वास्तव्य, बी१, म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन भाषेचं प्रमाणपत्र, नागरिकत्व परीक्षेत ३३ पैकी किमान १७ उत्तरं बरोबर, स्वतःच्या कमाईवर घर चालतं याचा पुरावा. मोठ्यांना २५५ युरो शुल्क, सोबतच नागरिकत्व घेणाऱ्या आणि स्वतःची कमाई नसलेल्या मुलाला ५१. अडतं कुठे? एक, नवीन नोकरीच्या परिवीक्षा काळात अर्ज केला तर कार्यालय तो काळ संपायची वाट बघतं. दोन, अर्ज चालू असताना दुसऱ्या शहरात गेलात तर फाइल दुसऱ्या कार्यालयाकडे जाते आणि रांग नव्याने सुरू होते. तीन, अर्ज प्रलंबित असतानाच भारतात निघून गेलात तर वास्तव्याची अटच मोडते आणि अर्ज कोसळतो. शहरानुसार निकालाला काही महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत लागू शकतात. तीन महिन्यांत विनाकारण काहीच हललं नाही तर न्यायालयात निष्क्रियतेविरुद्ध दावा करता येतो, पण कागद अपुरे असतील तर तो दावा टिकत नाही. तुमची परतीची चार-पाच वर्षं लक्षात घेता, अर्ज याच वर्षी गेला पाहिजे.

प्रमाणपत्र मिळायच्या आठवड्यात भारताची तिकिटं काढू नका. त्या दिवशी भारतीय पासपोर्ट निरुपयोगी होतो आणि जर्मन पासपोर्ट यायला काही आठवडे लागतात. मधल्या काळात घरून फोन आला तर अडकाल. जादा शुल्क भरून तातडीचा पासपोर्ट काही दिवसांत मिळतो, तो आल्यावर ई-व्हिसा काढून भारतात जाता येतं. नेहमीचा क्रम असा: जर्मन पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्टचं सरेंडर, मग सरेंडर प्रमाणपत्र जोडून ओसीआय. सरेंडरला देण्याआधी भारतीय पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या रंगीत प्रती काढून ठेवा. रद्द केलेला मूळ पासपोर्ट परत मिळतो, तोही टाकू नका. मुलीच्या ओसीआयला, पुढे वारसाच्या कामाला तुमच्या भारतीय मूळाचा तोच पुरावा. ओसीआय आल्यावर बँका आणि फंड कंपन्यांना बदल कळवा. एव्हाना एखादं साधं बचत खातं अनिवासी खात्यात बदलायचं राहिलं असेल तर तीही चूक याच वेळी दुरुस्त करा. मतदार यादीतलं नावही काढायला द्या.

मुलीचा निर्णय वेगळा विचारात घ्या. ती तुमच्याबरोबर जर्मन झाली तर भारतात तिचं शालेय शिक्षण ओसीआयवर विनाअडथळा होतं. पुढे वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षा ती देऊ शकेल, पण ४ मार्च २०२१ नंतर ओसीआय झालेल्यांना भारतीय नागरिकांसाठीच्या जागा मिळत नाहीत, अनिवासी कोट्यातल्या मिळतात, आणि त्यांची फी फार जास्त असते. भारतात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायचं असा पक्का बेत असेल तर तिला सध्या भारतीयच ठेवणं हाही मार्ग आहे. मग तिचा जर्मन परवाना मात्र वर सांगितलेल्या सहा महिन्यांच्या नियमाने जाईल, हे धरून चाला. ती ओसीआय झाली तर वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टनंतर त्याची प्रत आणि फोटो तीन महिन्यांत ऑनलाइन चढवायचे, आणि विसाव्यानंतरचा पहिला पासपोर्ट आला की कार्ड एकदा नव्याने काढायचं.

पेन्शन आणि कर यांचा नागरिकत्वाशी संबंध कमी. जर्मन पेन्शनचा हक्क साठ महिन्यांच्या वर्गणीने मिळतो, दोन्ही देशांमधला सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू आहे आणि पेन्शन भारतात घेता येते. भारतातला आयकर मुख्यतः तुम्ही किती दिवस इथे राहिलात यावर ठरतो, पासपोर्टच्या रंगावर नाही.

आणि समजा, परतून बरीच वर्षं झाली, आता इथेच राहायचं हे पक्कं झालं आणि मतदानाचा हक्क पुन्हा हवासा वाटला, तर तोही रस्ता कायद्यात आहे. ओसीआय म्हणून पाच वर्षं झालेली असावीत आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य असावं, म्हणजे नोंदणीने भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. तेव्हा जर्मन नागरिकत्व सोडावं लागतं. जर्मनी ते आपणहून काढून घेत नाही, भारत सोडायला लावतो. त्या टप्प्यावर मुलगी सज्ञान असेल आणि तिचा पासपोर्ट तिच्याकडेच राहील.